बिनदोरीचं निशाण

पहिल्या भेटीत उकंडमामांनी मला खोटारडा ठरवलं आणि दुसऱ्या भेटीत गुरू केलं. दोन्ही भेटींच्या मध्ये जेमतेम घटकाभर गेली असेल. मी तेव्हा अमरावतीच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो. अंगणात कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, बैल सोडलेले, गाडीवान बिड्या ओढत बसलेले, आणि मी पडवीत एका ढकलगाडीचा तुटलेला दांडा गॅसने सांधत होतो. गॅसचं काम तेव्हा वऱ्हाडात नवं होतं. ज्योत पेटली की भोवती जत्रा भरायची आणि जत्रा भरली की माझी जीभ सैल सुटायची. सांधा झाला तसा मी काळा चष्मा कपाळावर सारला आणि ऐटीत म्हणालो, "आता हा दांडा या जन्मात निघत नाही."

गर्दीतून एक उंच, वाळका म्हातारा पुढे आला. त्याने ऐरणीजवळचा घण उचलला, धोतर खोचलं आणि दांड्यावर एकच घाव घातला. दांडा निघाला आणि टणटणत जाऊन बैलांच्या पायांत पडला.

"जन्म लवकरच सरला, मिस्तरी," म्हातारा म्हणाला.

लोक खो खो हसले. मी मुळात तापट माणूस, त्यात अकोल्याचा. चारचौघांत हसं झालेलं मला आजही सोसत नाही. दांडा उचलून आणला, जुना सांधा पार खरवडून टाकला, आणि या वेळी बढाई न मारता लोखंड तळापर्यंत वितळवून नीट जोड दिला. मग घण मीच म्हाताऱ्याच्या हातात दिला. त्याने घाव घातले. दांडा वाकला, म्हाताऱ्याला घाम फुटला, पण सांधा हलला नाही. तेव्हा त्याने घण खाली ठेवला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे शिकव मले," तो म्हणाला. विनंती नव्हती ती. रांगेतल्या गाडीवानाने "गाडी पुढं घे" म्हणावं, तसं होतं ते.

नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर त्यांचं गाव होतं, काळीची बऱ्यापैकी शेती होती. मी त्यांना मामा म्हणू लागलो, ते शेवटपर्यंत मला मिस्तरी म्हणत राहिले. उकंडराव हे नाव ऐकून शहरातले लोक हसत, तर मामाच त्यांना खुलासा करत. त्यांच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्याबरोबर सुईणीने त्यांना सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं, आणि आईने ते टाकलेलं पोर म्हणून उचलून आणलं. असं पोर मरणाच्या नजरेत येत नाही, अशी आमच्याकडची समजूत. "यमाले वाटलं कचरा हाय," मामा म्हणत. "अजून त्याले पत्ता नाही लागला."

आता त्यांना वेल्डिंग कशाला हवं होतं ते सांगतो. मामांकडे पिढीजात ठासणीची बंदूक होती. त्यांचं शेत नाल्याला लागून, आणि नाल्याच्या झुडपांत रानडुकरं. डुकरांचा कळप एकदा ज्वारीत शिरला की सकाळी तिथे ज्वारी पेरली होती हे शपथेवर सांगावं लागे. बंदूक होती म्हणून पीक घरात येत होतं. आणि नेम असा की तालुक्यात तोड नव्हती. हिवाळ्यात अमरावतीला, छत्री तलावाकडच्या टेकडीखाली निशाणबाजीचा मेळावा भरे. साहेबलोक, वकील, देशमुख मंडळी आणि परवानेवाले काही शेतकरी. मामा दरवर्षी जात, आणि दरवर्षी दुसरे येत. पहिले नेहमी साहेब येत.

याचं कारण खड्ड्यात असे. कागदाच्या निशाणाखाली खड्डा खणलेला, त्यात एक शिपाई बसलेला. गोळी झाडली की तो झेंडी दाखवून कुठे लागली ते सांगे. साहेबांची गोळी टेकडीला लागली तरी शिपाई खिशातली पेन्सिल काढून कागदाच्या मधोमध भोक पाडी आणि झेंडी नाचवी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेळाव्याची रीतच होती ती, लग्नात व्याह्याचा रुसवा काढतात तशी. एका वर्षी शिपाई उत्साहाच्या भरात बहकला आणि साहेबांनी झाडल्या त्यापेक्षा कागदावर भोकं जास्त निघाली. सगळे टाळ्या वाजवत होते. मामा कागदाजवळ गेले, भोकं मोजली आणि मोठ्याने म्हणाले, "सायबाच्या बंदुकीले पोरं होते काय गा? एक गोयी सोडली का दोन पोचते!"

हसायची हिंमत कुणाला झाली नाही. त्याच साली जंगलात गवत कापून सत्याग्रह करायला पोरं निघाली, आणि मामांनी त्यांना वाटेत भाकरी खाऊ घातल्या. पुढे परवान्यावर नवा शिक्का मिळाला नाही. बंदूक ठाण्यात जमा झाली. कचेरीने कारण भाकरीचं दिलं. गाव म्हणे, कारण भोकांचं. मामा म्हणत, "दोन्ही कामं माह्येच हायेत. कोन्तंही लिवा."

बंदूक गेली, डुकरं राहिली. दुसरा कुणी असता तर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. अर्ज मामांनीही केला होता, पण पायऱ्या झिजवायला ते गेले नाहीत. त्यांच्या डोक्यात भलतंच घुसलं होतं. निशाण लोखंडाचं करायचं. गोळी लागली तर ते वाजेल आणि मागे पडेल; नाही लागली तर उभं राहील. शिपाई नको, झेंडी नको, पेन्सिल नको. "कागदाले कोनीबी भोक पाडते," ते म्हणाले. "लोखंडाले पेन्शिल लावून दाखवा म्हनाव."

गावच्या लोहाराकडून त्यांनी एक निशाण करवून घेतलं होतं, पण त्याचे खिळे दणक्याने तुटून उडत. म्हणून सांधा हवा होता, घणाला पुरून उरणारा. मी म्हटलं, "मामा, मीच करून देतो. दोन दिवसांचं काम आहे."

"तू करशीन तं ते तुह्यं होईन," मामा म्हणाले. "उद्या सायेब इचारन, कोनं केलं? मले म्या म्हनता आलं पायजे."

उन्हाळ्यात जिन बंद पडलं. जिनाच्या मालकांकडे, शेठजींकडे, मी जुना गॅसचा संच आणि उरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर मागितला. शेठजी म्हणाले, "म्हातारा वेडा आहे, पण आजवर वजनासाठी कापूस पाणी मारून आणला नाही. घेऊन जा." मामांच्या खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, सगळं भरून आम्ही गावी गेलो आणि गोठ्याशेजारच्या अंगणात कारखाना थाटला.

गिरजामामी, म्हणजे मामांची बायको, या सगळ्याच्या विरुद्ध होती. कार्बाईडवर पाणी पडून गॅस सुटला की सडलेल्या लसणासारखा वास येतो. पहिल्या दिवशी ज्योत पेटवताना फट्‌कन आवाज झाला तशी मामीने शेळी सोडली, नातू उचलला आणि शेजारच्या घरी जाऊन बसली. "ह्या बुढ्याले उकिरड्यावरून उचललं तेच चुकलं," असं ती तिथून मोठ्याने म्हणाली. पण चार दिवसांनी तिने पाहिलं की गॅस निघून गेला की कार्बाईडच्या डब्यात पांढरा शुभ्र चुना उरतो. तिने तो गाळला आणि भिंती रंगवल्या. त्या उन्हाळ्यात गावात तिच्याइतकं पांढरं घर दुसरं नव्हतं. मग ती स्वतःच विचारू लागली, "आज पेटवत नाही काय गा?"

मामांना शिकवणं म्हणजे वळूला औताला जुंपणं. पहिली ज्योत काळी, काजळीची असते. मग ऑक्सिजनचा दुसरा कॉक हळूहळू उघडायचा, तेव्हा ती निळी, टोकदार होते. मामांना हळूहळू हा शब्दच माहीत नव्हता. कॉक असा फिरवत की ज्योत विझून जाई, नाहीतर अशी फुरफुरे की लोखंडाच्या ठिणग्या उडून त्यांच्या धोतराची चाळण होई. लोखंड जळत नाही असं लोक म्हणतात. खोटं आहे. मामांनी पुष्कळ जाळलं. चष्मा लावायला ते तयार नव्हते, "चश्मा लावून कोनी नेम धरते काय?" असं म्हणत. एका दुपारी त्यांनी उघड्या डोळ्यांनी काम केलं आणि रात्रभर डोळ्यांत वाळू भरल्यासारखे तळमळले. मामीने काकडीच्या चकत्या बांधल्या, आणि त्या बांधताना जे सुनावलं ते इथे लिहिता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून चष्मा आला.

पण एकदा हात बसला आणि मग मीच पाहत राहिलो. डाव्या हातात तार, उजव्या हातात ज्योत, बारीक बारीक फेरे देत लोखंडाचं पाणी पुढे न्यायचं. मामा ते करताना श्वास रोखून धरत, नेम धरल्यासारखा. वाकळ शिवताना बायका जसे सारखे टाके घालतात तशी त्यांची शिवण दिसू लागली. सांधा थंड झाला की दगडाने ठोकून ऐकत. आवाज भरीव आला की मान हलवत, भदभद आला की मला न विचारता कापून टाकत. "वाजलं ते खरं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. माणसांबद्दलही ते तेच म्हणत, पण माणसं ठोकून पाहायची त्यांची रीत जरा जास्तच सरळ होती, म्हणून मित्र कमी.

निशाणाचा पत्रा जुन्या बॉयलरचा, जाड, पण मऊ. त्यावर गोळीचे खड्डे पडतील म्हणून समोरच्या अंगाला मोटारीच्या स्प्रिंगचे पाटे जोडायचं ठरलं. तिथे मोठी चूक झाली. सांधा लालभडक होता आणि मामांनी त्याच्यावर पाण्याची बादली उपडी केली. लोहार पाणी पाजतो, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. चर्रर्र झालं, वाफ उडाली, मामा खुशीत हसले. आम्ही जेवायला बसलो तोच अंगणातून कट्‌कन आवाज आला. पाटा सांध्याजवळून आडवा तडकला होता. दुसरा केला, तो पाणी न घालता उघड्यावर ठेवला, तोही वाऱ्याने गार होता होता तडकला. माझी अक्कल तिथे संपली. जिनात आम्ही असलं कडक लोखंड सांधतच नव्हतो.

मामा बराच वेळ तडकलेल्या पाट्याजवळ उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "घाईनं थंडं होते म्हनून मरते हे. ह्याले मेल्यावानी लपवून ठेवाले पायजे." तिसरा पाटा जोडल्याबरोबर त्यांनी तो चिमट्यात धरला आणि तरातरा घरामागे निघाले. उकिरड्यावर रोजची चुलीची राख पडत असे. तीत त्यांनी खोल खड्डा केला, पाटा आत ठेवला, वर राख ओढली, त्यावर शेणखत लोटलं.

"मलेबी इथंच ठेवलं होतं," ते म्हणाले. "जगलो ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी राख उकरली तेव्हा पाटा अजून कोमट होता. दगडाने ठोकला. देवळातल्या घंटेसारखा खणखणीत वाजला. मी तेव्हा मोठ्याने ओरडलो होतो हे मला आठवतं, आणि मामीने उकिरड्याला हळदकुंकू वाहिलं तेही.

निशाणं तयार झाली, पण पारखायची कशी? बंदूक नव्हती. मामांनी खुंटीवरची गोफण काढली. पाखरं हाकायची साधी सुताची गोफण. "याले परवाना लागते काय, मिस्तरी? कचेरीत इचारून ये," म्हणाले आणि फिरवली. पहिला दगड असा बसला की निशाण वाजलं आणि दगड तसाच उलटून मामांच्या पागोट्यावरून गेला. तेव्हा त्यांनी तळाची बिजागरी बदलली आणि निशाण किंचित पुढे झुकवलं, म्हणजे आलेली गोळी खाली मातीत जावी. मधोमध दगड लागला तरच ते मागे कलंडे. कडेला लागला तर नुसतं वाजे आणि उभं राही. या एका गोष्टीसाठी त्यांनी बिजागरी कितीदा कापली आणि कितीदा जोडली, देव जाणे. पाऊस सुरू झाला तेव्हा रांगेने निशाणं उभी होती आणि सगळी त्यांच्या हातची होती.

मेळाव्याचे चिटणीस एक वकीलसाहेब होते. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचं भलं व्हावं आणि कुणी रागावू नये, अशी इच्छा असलेला माणूस जितका उपद्रवी असतो तितकाच होता. जिल्ह्यात नवे साहेब आले होते, बंदुकीचे शौकीन. कागदाचा त्यांना कंटाळा आला आहे असं कळल्यावर वकीलसाहेबांना कानावर आलेली मामांची निशाणं आठवली. ते मोटारीने गावी आले, निशाणं पाहून खूश झाले. मग मामांना आणि मला बाजूला घेतलं.

"उकंडराव, तुमचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे," ते म्हणाले. "मेळावा नीट पार पडला की सही करून घेतो, हा माझा शब्द. फक्त एक बारीकसं काम. निशाणाच्या मागे एकेक कडी लावून ठेवा. कडीतून दोरी जाईल. खड्ड्यातला शिपाई लागलं तर ओढील, नाही लागलं तर नाही ओढणार."

"नाही लागलं तं ओढन," मामा म्हणाले.

"तसं म्हणा हवं तर. कुणाचं काय बिघडतं? तुमची बंदूक परत येते, तुमची ज्वारी वाचते."

मामी दारात उभी राहून ऐकत होती. त्या साली पीक दृष्ट लागण्यासारखं होतं, आणि डुकरांनी एक कोपरा आधीच साफ केला होता. वकीलसाहेब गेल्यावर ती बाहेर आली. "आवो, लावून द्या ना एक कडी," ती म्हणाली. तिचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "बोटभर लोखंड लागन. त्यात तुमचं काय जाते? लेकराच्या तोंडची भाकर हाय ते."

खरं सांगायचं तर मला मामीचं पटत होतं. मी तसं म्हणालोही. कडी मी लावतो, तुम्ही हात लावू नका, असंही म्हणालो.

"कडी लावली तं मंग ते निशान नाही राह्यत," मामा म्हणाले. "ते मंग लोखंडाचा कागदच होते. येवढा उन्हाळाभर म्या काय शिकलो मंग, कागद बनवाले?" आणि मामीकडे न पाहता म्हणाले, "गिरजे, डुकरायले मी पाहून घेईन. हे नाही होत माह्याच्यानं."

मेळाव्याच्या दिवशी टेकडीखाली शामियाना होता. मामा पांढरं पागोटं बांधून, कमरेला गोफण गुंडाळून आले होते. गोफण का, हे मी विचारलं नाही. वकीलसाहेबांनी निशाणांच्या मागे जाऊन पाहिलं आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पण आता वेळ गेली होती. साहेबांनी रायफल उचलली.

पहिली गोळी सुटली. सवयीने सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निशाण उभंच. टाळ्या मधेच अडखळल्या आणि थांबल्या. दुसरी गोळी गेली, टेकडीवर धूळ उडाली. तिसरी कडेला लागली, निशाण वाजलं, थरथरलं आणि उभं राहिलं. पुढे पुढे तर साहेब नेम न धरताच झाडत होते. टाळ्या वाजवायला टपून बसलेली इतकी माणसं आणि इतकी शांतता मी परत कधी पाहिली नाही.

वकीलसाहेब पुढे धावले. "बिजागरी गंजली असेल, साहेब," ते म्हणाले. "गावठी काम आहे."

"गंज नाही लागला!" मागून मामा ओरडले. "गोयी नाही लागली!"

याचं भाषांतर करायला कुणी पुढे आलं नाही, पण साहेबांना कळलं असावं. त्यांनी मामांना बोलावलं, नखशिखांत पाहिलं आणि आपली रायफल त्यांच्यासमोर धरली. "तुम बनाया? तुम मारके दिखाओ."

फौजदार दोन हातांवर उभा होता. बिनपरवान्याच्या माणसाने बंदुकीला हात लावला की काय होतं, हे सगळ्या शामियान्याला ठाऊक होतं. मामांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"परवाना नही, साहेब," ते म्हणाले. "आपकेच कचेरीनं लिया."

मग ते शामियान्यातून बाहेर पडले आणि निशाणांच्या दिशेने सरळ चालत गेले, कारण गोफणीला बंदुकीचा पल्ला नसतो. टप्प्यात आल्यावर थांबले, खाली वाकून एक दगड निवडला, कमरेची गोफण सोडली. एक फेरा, दोन फेरे. निशाण खणकन वाजलं आणि मागे कलंडलं. त्यांनी दुसरा दगड उचलला, दुसरं पाडलं. शेतकऱ्यांच्या बाजूने कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्याच शेतकऱ्यांनी. मीही वाजवली, आणि माझ्या शेजारी शेठजी बसले होते हे विसरून वाजवली. साहेबांनी रायफल अर्दलीकडे दिली आणि मोटारीत जाऊन बसले.

मामांचा अर्ज नामंजूर झाला. लोखंडी निशाणं धोक्याची आहेत, ती हलवावीत, असा हुकूम निघाला, आणि मामा ती खाचरात घालून घरी घेऊन आले. पुढच्या मेळाव्यात कागद परत आला, पेन्सिल परत आली, आणि साहेबांची निशाणबाजी एका वर्षात कमालीची सुधारली.

याची किंमत शेताने दिली. मामांनी निशाणं नाल्याच्या कडेला उभी केली आणि मचाणावर बसून गोफणीने वाजवू लागले. तो आवाज ऐकून डुकरं आठवडाभर भ्याली, मग सरावली. त्या साली निम्मी ज्वारी गेली. मी गेलो होतो तेव्हा मामीने मामांच्या ताटात भाकरीऐवजी सांध्याचा एक जळका तुकडा वाढला. "खा," ती म्हणाली, "तुमचं निशान." मामांनी तो तुकडा ताटावर आपटून पाहिला. "वाजते चांगलं," म्हणाले, आणि पाणी पिऊन उठले. मामी आत जाऊन रडली. मामा अंगणात येऊन माझ्याजवळ बसले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला म्हाताऱ्याचा वाटला. "तिचं खरं हाय, मिस्तरी," ते म्हणाले. "पन माह्यंबी खरं हाय. दोन खरे एका घरात राह्यले का असंच होते."

पुढे एकदा कचेरीतून निरोप आला होता. माफीच्या दोन ओळींवर अंगठा करा, परवाना मिळेल. मामांनी निरोप्याला चहा पाजला, उकिरडा दाखवला, सांध्याची सगळी कृती सांगितली आणि अंगठा न करता परत पाठवलं. रात्री मचाणावर बसणं त्यांनी सोडलं नाही. लढाईच्या दिवसांतल्या एका थंडीत छातीत कफ धरला आणि तिसऱ्या दिवशी गेले. उशीर झाला होता, पण यमाला शेवटी पत्ता लागला. मी अकोल्यात होतो, मला तेराव्याला कळलं. मी चिडलो. त्यांच्यावर, डुकरांवर, त्या कडीवर, आणि ती कडी लावून देतो म्हणणाऱ्या स्वतःवरही. असा माणूस गेला की रडण्याआधी राग येतो.

मग स्वराज्य आलं. पहिल्याच हिवाळ्यात वकीलसाहेब, आता गांधीटोपी घातलेले, माझ्या दारात मोटार घेऊन उभे. मेळावा नव्याने भरवायचा होता. कागद ही गुलामीची खूण, आता आपली स्वदेशी लोखंडी निशाणं हवीत, उकंडरावांचं नाव देऊ, असं ते म्हणाले. मला आनंद झाला. मोटारीत मागे गॅसचा संच ठेवलेला पाहिला तेव्हा जरा शंका आली. गिरजामामीच्या अंगणात पोचल्यावर ती खरी ठरली.

"मामी, निशाणं न्यायला आलो," वकीलसाहेब म्हणाले. "मिस्त्रींना सोबत आणलं आहे. मागे फक्त एकेक कडी लावून घेतो. नवे साहेब आपलेच आहेत, वऱ्हाडातले. पहिलाच मेळावा आहे. चारचौघांत त्यांची शोभा व्हायला नको."

मामी चुन्याने रंगवलेल्या भिंतीला टेकून बसली होती. ती खूप वाळली होती. मी तिच्याकडे पाहिलं, कारण आमच्यात कडी मागणारी पहिली तीच होती. निशाणं अंगणात एका रांगेत उभी होती, तेल लावलेली. त्यांच्यामागे तिने कोथिंबीर पेरली होती.

"त्या गोऱ्याले दोरी नाही देल्ली त्यायनं," मामी म्हणाली. "त्यापायी माह्या घरात लेकरू उपाशी निजलं. आता हा आपला हाय म्हन्ता. आपला हाय तं त्याले खोटं कावून सांगाचं?"

"खोटं नाही हो, मान राखायचा—"

"मान राखाचा असन तं गोयी बरोबर मारा म्हना. न्यायचे असन तं असेच न्या. कडी नाही लागत."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? निशाणं माझी नाहीत." ते मोटारीकडे वळले. ड्रायव्हरने हँडल मारलं. मामी भिंतीचा आधार घेत उठली, दारापर्यंत आली आणि इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडली.

"वकीलसायेब! नेम नसन जमत तं त्याले इथं पाठवा. आमी शिकवतो!"